जंतू मेला, विकर उरलं

अंड्याचा बलक मिसळलेल्या आगरच्या बशीत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स वाढवला की वसाहतींभोवती दुधी वलय उमटतं. अर्ध्या बशीवर आधी प्रतिविष फासलं, तर त्या भागात जंतू वाढतो, वलय मात्र उमटत नाही. जंतू निराळा, त्याचं हत्यार निराळं, हे इतकं उघड क्वचितच दिसतं. हत्याराचं नाव फॉस्फोलिपेज सी. बलकातलं लेसिथिन ते तोडतं. या जंतूमुळे होणाऱ्या गॅस गँगरीनचं अल्फा विष म्हणजे हेच विकर, असं मॅकफार्लेन आणि नाइट यांनी १९४१ साली दाखवलं. जिवाणूचं एखादं विष मुळात विकर आहे, हे तेव्हा प्रथमच कळलं.

आपल्या पेशींचं आवरणही लेसिथिनसारख्या फॉस्फोलिपिडांचंच. विकर तिथे लागलं की तांबड्या पेशी फुटतात, रक्तबिंबिका आणि पांढऱ्या पेशींच्या गाठी होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. रक्त थांबलं की प्राणवायू संपतो, आणि प्राणवायू नसलेली जागा हेच या जंतूचं घर. आपल्याला राहण्याजोगं शरीर तो असं स्वतःच घडवत जातो. हा जंतू मातीत सगळीकडे असतो.

पिंपरीच्या मातीशी विज्ञानाचं नातं जुनं आहे. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पुढच्याच वर्षी पेनिसिलिन बनू लागलं. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन मिळवलं, त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं या गावाचंच नाव मिळालं. हॅमायसिनही पेशीच्या आवरणावरच घाव घालतं, पण बुरशीच्या. या कामाचा अभिमान प्रत्येक पिंपरीकराला वाटावा, इतकं ते मोठं आहे.

पण पेनिसिलिन जंतूला मारतं. आधीच बाहेर पडलेलं विकर त्याने थांबत नाही. शिवाय मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये हात चिरडतो तेव्हा नेमकं असंच मांस मागे राहतं, त्यात तेल आणि धूळ. तिथे पहिला इलाज शस्त्रक्रियेचा: मेलेलं सगळं कापून काढायचं आणि जखम उघडी ठेवायची.

म्हणून शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येकाला कळकळीने सांगणं आहे. चिरडलेल्या हाताला ग्रीसचं फडकं बांधू नका, हळद भरू नका. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा आणि तडक इस्पितळ गाठा. जखमेच्या मानाने ठणका फार वाढला, कातडीचा रंग बदलला, दाबल्यावर आत कुरकुर जाणवली, तर एक तासही वाट पाहू नका. आणि डॉक्टरांनी टाके घातले नाहीत म्हणून त्यांच्याशी भांडू नका.