इंग्रजीच्या नावाने रडणं पुरे

बस समोर, आणि तो मोबाईल आधी खिशात घाल.

‘सर, आम्ही मराठी माध्यमाची पोरं, आमचं इंग्रजी कोण छापणार?’ हे रडगाणं माझ्यापुढे पुन्हा गायचं नाही. तू संपादकांना पाठवलेले पिच, म्हणजे लेखांचे प्रस्ताव, मी सगळे वाचले. इंग्रजीमुळे एकही नाकारला गेलेला नाही. नकार तू आपल्या हाताने ओढवून घेतलास.

हाच बघ. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’. संपादक बाई आहेत, आणि त्यांचं नाव मासिकाच्या पहिल्याच पानावर छापलंय. तेवढं पान उघडून बघवलं नाही तुला? दुसऱ्या ओळीत माफी: इंग्रजी माझी मातृभाषा नाही, चुका पोटात घालाव्यात. का घालाव्यात? तू काम मागतोयस, भीक नव्हे. त्यानंतर विषय कोणता, तर वेळेचं नियोजन कसं करावं! शेतीव्यापारावरच्या मासिकाला! त्याचा एक अंक तरी चाळला होतास का? आणि शेवटचा परिच्छेद एकाएकी गुळगुळीत. तो मशीनकडून लिहून घेतलास, हे मला पहिल्या वाक्यात कळलं. रोज असले ढीग उपसणाऱ्या संपादकाला कळणार नाही?

अरे, निफाड तालुक्यातला ना तू? लासलगावचा लिलाव लहानपणापासून बघतोयस. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली, तीही ४० टक्के शुल्क लावून. त्यातले पहिले काही महिने बाजारात होता लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत ठेवता येतो, लाल टिकत नाही. भाव पडला तरी विकावाच लागतो. दिल्लीत बसून निर्यातबंदीवर लिहिणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन दाबून बघतो, डोळ्याचं पातं लवेपर्यंत बोली तुटते, आणि वर्षाची मेहनत निकालात निघते. गोलटीला, म्हणजे बारीक कांद्याला, वेगळा भाव का, हिशेबपट्टीतल्या हमाली-तोलाईवरून भांडणं का पेटतात, हे तुझ्या घरात रोज बोललं जातं. एवढं सगळं पदरात असताना तू वेळेच्या नियोजनावर लिहितोस! राग येतो मला तुझा.

आणि इंग्रजीचंच म्हणशील, तर कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड पोलिश होता. इंग्रजी शिकला तो विशी उलटल्यावर, जहाजावर काम करता करता. १८९५ साली त्याची पहिली इंग्रजी कादंबरी आली. बोलण्यातला परका हेल त्याचा शेवटपर्यंत गेला नाही. पण जहाज आणि समुद्र त्याने अंगावर घेतला होता, ते त्याच्या पानापानांत आहे.

याचा अर्थ इंग्रजी कसंही चालेल असा काढू नकोस. ‘ए’ आणि ‘द’ तू अजून अंदाजाने टाकतोस. आपल्या भाषेत तो प्रकारच नाही, म्हणून घसरणार, हे मान्य. पण तीच चूक महिनोन् महिने करणं हा आळस आहे. चुकांची वही ठेव. चांगला इंग्रजी लेख हाताने उतरवून काढ, नाम पहिल्यांदा ‘ए’ घेऊन येतं की ‘द’, दुसऱ्यांदा कसं, ते बघ. आपला मजकूर मोठ्याने वाच. जीभ अडखळेल तिथे वाक्य तोड. मशीनला चुका दाखवायला सांग, लिहायला सांगू नकोस.

पैशाचंही ऐक, कारण तिथेही तू दबतोस. ‘जे द्याल ते’ असं लिहिलंस एका ठिकाणी. लाज वाटली मला वाचून. शब्दामागे दर किती, पैसे कधी, लेख घेऊन छापला नाही तर काय मिळणार, हक्क कुणाकडे राहणार, हे काम सुरू करण्याआधी लेखी विचारायचं. यात उद्धटपणा काही नाही, कामाची रीतच आहे ती.

आता ऊठ. उद्या सकाळच्या लिलावाला जा. वही घेऊन जा, फोटो काढत बसू नकोस. तीन शेतकरी, एक व्यापारी, एक हमाल, पाचही जणांशी बोल आणि प्रत्येकाच्या तोंडचा आकडा हिशेबपट्टीशी ताडून बघ. मग त्या संपादक बाईंना त्यांच्या नावाने पत्र लिही: विषय काय, आत्ताच का, आणि तो तूच का लिहायचा. दीडशे शब्द, माफीचा एकही नाही. पाठवण्याआधी कच्चा खर्डा मला दाखव, खाडाखोडीसकट.