पुसलेला गुनाह

आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. मोबाइलवर गोळ्या झाडणारी मुलं विचारतात, "सर, खेळात मारलं तर गुनाह होतो का? खरं कुणी मरत तर नाही!" आम्ही रागावतो, उत्तर देत नाही.

टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने 2015 साली 'अंडरटेल' हा खेळ काढला. भूमिगत जगात पडलेल्या मुलाला टोरिएल आईच्या मायेने आसरा देते, मग काळजीपोटी त्याची वाट अडवते. तिला मारता येतं, न मारताही पुढे जाता येतं. मारून पस्तावलेला खेळाडू खेळ मागे नेतो आणि तिला जीवदान देतो. पण पुढे भेटणारं फ्लॉवी नावाचं फूल आधीच्या हत्येची आठवण देतंच.

टोरिएल तर जिवंत आहे. मग उरलं काय? उरली नियत. आपल्याकडे अमल तोलला जातो तो नियत पाहून. गोळी झाडणाऱ्या मुलाची नियत बहुधा जिंकण्याची असते, मारण्याची नव्हे. त्याला गुनाहगार ठरवण्याची घाई आम्ही करणार नाही. मात्र जग खोटं असलं तरी पस्तावणारं मन खरंच होतं.

उद्या वर्गात आम्हीच विचारू: सगळं पुसता येत असेल, तर तुम्ही काय कराल?