सोवळ्याचे पाणी आणि बाप्तिस्म्याचे पाणी

चंडीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये १९८५ साली उभारलेला 'खुला हात' वाऱ्याबरोबर फिरत असतो. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा, ही ल कॉर्बुझिएची त्यामागील कल्पना. देणाऱ्या हाताची थोरवी आपण कर्णाच्या काळापासून गात आलो आहोत. घेणारा हात मात्र आपल्याला कमीपणाचा वाटतो. ख्रिस्ती धर्मातील बाप्तिस्मा समजून घेण्यास आपल्याला जड जाते, ते बहुधा याच कारणामुळे.

या शब्दाच्या मुळाशी बुडविणे असा अर्थ आहे. आपण त्यावरून गंगास्नानाची कल्पना करतो आणि तेथेच चुकतो. पौलाच्या विवरणाप्रमाणे पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरून पुरले जाणे, आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. स्नान रोज करावे लागते; मरण एकदाच येते, म्हणून बाप्तिस्माही एकदाच. शिवाय तो कोणास स्वतःचा स्वतः घेता येत नाही. दुसऱ्याच्या हातून, मान लववून, तो स्वीकारावा लागतो. पाणी शिंपडावे की माणसास बुडवावे, तान्ह्या मुलास बाप्तिस्मा द्यावा की जाणत्यासच, हे पंथापंथांतील वाद जुने आहेत; त्यांत आम्ही शिरत नाही.

आम्हांस अधिक विचार करावयास लावतात त्या लक्ष्मीबाई टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे काही वर्षांनी त्या पतीकडे आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. इतरांच्या हातचे पाणी त्यांना चालत नसे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला आणि मग सर्वांच्या हातचे घेण्याचे ठरविले. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे आडपडदा न ठेवता सांगितले आहे. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. सोवळ्याचे पाणी माणसामाणसांत रेघ ओढते; बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती पुसली जावी, अशी अपेक्षा. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत रेघ आधी पुसली गेली, पाणी मागून आले!

मग विधी कशाला? आम्हां कारकुनांस नोंदीचे महत्त्व ठाऊक आहे, तसेच नोंदवहीत चढलेली प्रत्येक गोष्ट घडलेली असतेच असे नाही, हेही ठाऊक आहे. तामिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. तेथील मृतांचा बाप्तिस्मा झालेलाच होता.

टिळकांनाही हा प्रश्न चुकला नाही. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेच स्थान दिले. विधी त्यांना पोकळ वाटू लागला होता, असा याचा अर्थ आम्ही करीत नाही. ज्याने त्या पाण्यासाठी घरदार गमावले, त्याला ते पोकळ कसे वाटेल? परंतु बाप्तिस्मा म्हणजे आपल्या समाजातून उठून परक्यांच्या पंक्तीस जाणे, अशी लोकांची समजूत होऊन बसली होती. ज्या पाण्याने भिंत पडावयाची, तेच भिंत होऊन बसले, तर पाण्याचा आग्रह क्षणभर बाजूला ठेवण्याचे धैर्य टिळकांपाशी होते. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले.