किरकोळ त्रास आणि सबुरी

माणसाच्या वाट्याला येणाऱ्या त्रासांत किरकोळ त्रासच संख्येने सर्वांत जास्त असतात. रात्रीच्या पाळीत दारे धरायला गेलेल्या शेतकऱ्याचा निम्मा वाफा भिजतो आणि लाईट जाते. तासभर वाट पाहून एसटी येते ती दारापर्यंत भरलेली. शेजारच्या मांडवातला स्पीकर नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशी सुरू होतो. यात कोणाचे फार बिघडत नाही, पण दिवसभर जिवाची चिडचिड होते. असे त्रास सोसावेत की निस्तरावेत, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या संतपरंपरेत त्याची वेगवेगळी उत्तरे सापडतात.

मोठे दुःख सोसण्यापेक्षा बारीकसारीक कटकट सोसणे अनेकदा अवघड जाते. घरात मृत्यू झाला तर चार माणसे धावून येतात, धीर देतात. एसटी चुकल्याचे सांत्वन करायला कोणी येत नाही. शिवाय मोठ्या आघातापुढे माणूस आपली हतबलता कबूल करतो. छोट्या अडचणीत मात्र सगळे आपल्या मनासारखेच व्हायला हवे होते, हा हट्ट सुटत नाही. चिडचिडीचे मूळ बहुतेक वेळा या हट्टात असते.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सहन करायला सांगतात, तेव्हा उदाहरण देतात ते थंडी आणि उन्हाचे. समोर युद्ध उभे असताना इतके साधे उदाहरण घेण्यामागे अर्थ आहे: इंद्रियांना होणारे सुखदुःख येते आणि जाते, ते टिकणारे नसते. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेच्या, म्हणजे सहनशीलतेच्या, व्याख्येला तीन अटी आहेत: दुःख सोसताना प्रतिकार नसावा, चिंता नसावी, विलाप नसावा. किरकोळ त्रासात पहिल्या दोन अटी कशाबशा पाळल्या जातात, तिसरी मोडते. माणूस सोसतो खरा, पण कुरकुरत.

नेवासे येथे शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत हा विचार आणखी पुढे जातो. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना ज्ञानेश्वर क्षमेला गर्वरहिततेची अट घालतात. अंगावरचे केस शरीर वागवते, पण आपण ते वागवत आहोत याची त्याला जाणीवही नसते. सोसणे तसे असावे. या अटीची गरज रोजच्या व्यवहारात दिसते. ‘मी म्हणून ऐकून घेतले’ असे म्हणणाऱ्याने राग गिळलेला असतो, पण त्याची नोंद ठेवलेली असते. पुढच्या भांडणात ती व्याजासकट बाहेर येते.

शिर्डीच्या साईबाबांच्या (निधन 1918) शिकवणीत याच गुणाला सबुरी म्हटले आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्री साईसच्चरिता’त राधाबाई देशमुख या वृद्ध बाईंची कथा येते. बाबांकडून मंत्र मिळेपर्यंत अन्न घ्यायचे नाही, असा हट्ट धरून त्या बसल्या. बाबांनी त्यांना सांगितले की आपल्या गुरूने कानात मंत्र दिला नाही. गुरूने दक्षिणा म्हणून दोन पैसे मागितले, एक निष्ठेचा आणि दुसरा सबुरीचा. इथे सबुरीचा अर्थ नुसती वाट पाहणे एवढाच नाही, तर वाट पाहताना विश्वास न ढळू देणे. दर्शनाच्या रांगेत पुढच्याला ढोपराने ढकलणारा भक्तही वाट पाहतच असतो. त्याच्याजवळ दुसरा पैसा नसतो.

नगरजवळच्या अरणगाव इथल्या मेहेराबादला मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरले. 1954 पर्यंत ते अक्षरफलकावर बोट ठेवून आणि नंतर केवळ खुणांनी बोलत. 1969 मध्ये देह ठेवीपर्यंत मौन सुटले नाही. त्यामागचा त्यांचा हेतू व्यापक होता. पण त्यांचे अनुयायी दरवर्षी 10 जुलैला मौन पाळतात, तेव्हा त्यांना एक साधा अनुभव येऊ शकतो: चीड मनात उठते, पण तिला शब्द मिळाला नाही तर तिचा त्रागा होत नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याने निराळा उपाय सांगितला. सार्वजनिक स्नानगृहात जाताना तिथे पाणी उडेल, धक्के बसतील, शिवीगाळ होईल, चोरीही होईल, हे आधीच ध्यानात घ्यावे. स्नानाबरोबर मन स्थिर ठेवणे हाही हेतू असेल, तर यातल्या कशानेच तो बिघडत नाही.

या सर्व विचारांवर एक आक्षेप राहतो: सोसत राहिले तर सुधारणा कशी होणार? याचे उत्तरही याच जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारने पाणीटंचाईला दैव मानले नाही. 1989 नंतर सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली, शेतीसाठी बोअरवेल घेणे थांबवले आणि पाण्याचा ताळेबंद मांडला. तितिक्षेच्या व्याख्येतला ‘प्रतिकार नको’ हा भाग साधकाच्या अंतर्मनापुरता आहे. गावच्या विहिरी भरण्याला त्याची आडकाठी नाही. या कामालाही सबुरी लागतेच, कारण पाझर तलावाचे फळ एका पावसाळ्यात हाती येत नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. जो त्रास दूर होण्याजोगा आहे, त्यावर आदळआपट न करता उपाय करावा. जो नाही, तो हिशेब न ठेवता सोसावा. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सबुरी ही ज्याची त्याने करायची साधना आहे. सासूने सुनेला किंवा मालकाने मजुराला सबुरीचा उपदेश केला, की तिच्यातले अध्यात्म संपते आणि फक्त सोय उरते.