रोमच्या पायऱ्यांवर आम्ही

'सर, इतने लोग बैठे थे, कोई नीचे क्यूँ नहीं उतरा?'

आठवीच्या वर्गातील एका मुलाने हा प्रश्न विचारला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. सुट्टीत त्याने टीव्हीवर 'ग्लॅडिएटर' हा चित्रपट हिंदीतून पाहिला होता. रिकाम्या तासाला रोमचा विषय निघाला. आमच्या मुलांना हे नाव परके नाही. कुरआन शरीफमध्ये 'अर्-रूम' नावाची सूरह आहे, मौलाना रूमींच्या नावातही तेच रूम आहे. ते रूम म्हणजे पूर्वेकडचे, कॉन्स्टँटिनोपलचे रोमन साम्राज्य. चित्रपटातले रोम त्याच्या आधीचे, इटलीतले. हा फरक आम्ही फळ्यावर नकाशा काढून समजावून सांगितला. पण मुलाला इतिहास-भूगोल नको होता. त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. तेवढ्यात घंटा वाजली आणि आम्ही सुटलो. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

रोमवरचे चित्रपट आपण का पाहतो? 'बेन-हर' (१९५९), 'स्पार्टाकस' (१९६०), 'ग्लॅडिएटर' (२०००) ही नावे इंग्रजी चित्रपट फारसे न पाहणाऱ्यांनाही ठाऊक असतात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. चित्रपट संपल्यावर प्रेक्षक गुलाम बनून घरी येतो. नीरो किंवा कमोडस बनून कुणीच येत नाही. चाबूक दुसऱ्याच्या पाठीवर पडतो, वळ आपल्या पाठीवर उमटतो. जालीम तो दुसरा आणि मजलूम आपण, ही वाटणी पडदा उघडण्याआधीच झालेली असते.

आपल्या उर्दू रंगभूमीनेही हे रोम फार पूर्वीच आपलेसे केले होते. आग़ा हश्र काश्मिरी यांनी पारशी थिएटरसाठी 'यहूदी की लड़की' हे नाटक लिहिले. त्यावर १९३३ मध्ये न्यू थिएटर्सने सैगल यांना घेऊन चित्रपट काढला आणि १९५८ मध्ये बिमल रॉय यांनी 'यहूदी'. दिलीपकुमार, मीनाकुमारी आणि सोहराब मोदी अस्खलित उर्दू बोलत रोममध्ये वावरतात आणि आपल्याला त्यात काहीच वावगे वाटत नाही. रोमन अधिकारी ब्रूटस एका यहुदी बापाच्या लहानग्याला मारतो. नशिबाचा खेळ असा की त्याच ब्रूटसची मुलगी त्या बापाच्या घरी लेकीसारखी वाढते. ब्रिटिश अमदानीत हे नाटक पाहणाऱ्यांना रोमनांच्या अंगरख्याखाली कोणाचा चेहरा दिसत असेल, हे वेगळे सांगायला नको.

पण रोमचे नाव जालीमांनाही तितकेच प्रिय असते, हे विसरून चालणार नाही. १९३७ मध्ये मुसोलिनीच्या इटलीत 'शिपिओने लाफ्रिकानो' नावाचा चित्रपट निघाला. आफ्रिकेच्या भूमीवर हॅनिबलला हरवणाऱ्या रोमन सेनापतीची ती कथा. इथिओपिया गिळून इटलीला जेमतेम वर्ष झाले होते. म्हणजे इथे प्रेक्षकाने विजेत्या सैनिकाच्या जागी उभे राहायचे होते. याच इटलीने रोमन वारशाच्या नावाने लिबियात काय केले ते मुस्तफा अक्काद यांच्या 'लायन ऑफ द डेझर्ट' (१९८१) मध्ये दिसते. अँथनी क्विन यांनी उभा केलेला उमर मुख्तार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कुरआन शिकवणारा तो वृद्ध शिक्षक. सप्टेंबर १९३१ मध्ये त्याला फाशी दिली, तेव्हा छावण्यांत कोंडलेल्या हजारो लोकांना ते पाहण्यासाठी आणून उभे केले होते. त्यांचा नाइलाज होता. प्राचीन रोमच्या पायऱ्यांवर बसलेले लोक मात्र स्वतःच्या पायांनी आले होते. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांच्याविषयीचा आहे.

कोण होते हे लोक? कोलोसियम इ.स. ८० मध्ये बादशहा टायटसने सुरू केले तेव्हा शंभर दिवस खेळ चालले. सुमारे पन्नास हजार माणसे तिथे बसू शकत. ती काही राक्षसे नव्हती. भाकरी भाजणारे, कपडे धुणारे, मुलांना शिकवणारे असेच लोक ते असणार. सेनेका हा विचारवंत नीरोचा शिक्षक होता, म्हणजे आमच्याच पेशातला. एकदा तो दुपारच्या वेळी काही हलकाफुलका खेळ असेल म्हणून गेला आणि पाहतो तर शिक्षा झालेल्या माणसांना ढाल-चिलखताशिवाय एकमेकांवर सोडलेले. मित्राला पत्र लिहून त्याने कबूल केले, की गर्दीत बसून घरी आलो तो अधिक निर्दय होऊन आलो. आजच्या अल्जीरियात जन्मलेल्या संत ऑगस्टिनने आपल्या अलिपियस या मित्राची हकिकत लिहून ठेवली आहे. अलिपियसला या खेळांचा तिटकारा होता. मित्रांनी ओढूनच नेले, तेव्हा तो डोळे घट्ट मिटून बसला. पण कान कसे मिटणार? गर्दीचा एक मोठा आवाज उठला, त्याने डोळे उघडले आणि त्यानंतर त्याची नजर हटली नाही. पुढे तो स्वतः इतरांना ओढून नेऊ लागला.

आता 'ग्लॅडिएटर' पुन्हा आठवून पाहू. मॅक्सिमस समोरच्यांना कापून काढतो, तलवार प्रेक्षकांकडे भिरकावतो आणि करमणूक झाली का, म्हणून ओरडून विचारतो. तो कोणाला विचारतो? पडद्यावरच्या गर्दीला, असे आपण समजतो. पण पैसे देऊन आपण कशासाठी आलो होतो? त्या चित्रपटात एकही लढत नसती तर किती जण तो पाहायला गेले असते? खरा कमोडस आखाड्यात उतरत असे, ही गोष्ट इतिहासातली आहे. मात्र त्याचा अंत आखाड्यात झाला नाही. इ.स. १९२ मध्ये कट करून एका पहिलवानाकरवी त्याचा गळा आवळण्यात आला. चित्रपटाने हे मरण आखाड्यात आणले, कारण ते आपल्याला डोळ्यांनी पाहायचे असते. अंगठा खाली करण्याची प्रसिद्ध खूणही जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ मधील चित्राने लोकांच्या मनात पक्की केली. रोमन लोक अंगठा 'वळवत' एवढेच जुन्या लिखाणात आहे. कोणत्या दिशेला, ते स्पष्ट नाही. २०२४ मध्ये दुसरा भाग आला, त्यात आखाड्यात पाणी भरून शार्क मासे सोडले. पाणी भरल्याच्या नोंदी आहेत, शार्कच्या नाहीत. पायऱ्यांवर बसलेल्यांना दर खेपेला आधीपेक्षा जास्त हवे असते.

यावर कोणी म्हणेल, की पडद्यावरचे रक्त म्हणजे रंग. त्यात कोणाचा जीव जात नाही, मग पाहण्यात गुन्हा कसला? हे आम्हाला मान्य आहे. चित्रपट पाहणे हा गुन्हा नाही. उलट गुलामासाठी डोळ्यांत पाणी येणे ही चांगलीच गोष्ट आहे. आमची तक्रार वेगळी आहे. हे पाणी फार स्वस्तात येते. मजलूम कोण ते संगीत सांगते, कॅमेरा सांगतो. आपल्याला काहीच ठरवावे लागत नाही. काही गमवावे लागत नाही. आणि तीन तासांनी, आपण न्यायाच्या बाजूचे आहोत, असे प्रशस्तिपत्र खिशात घालून आपण बाहेर पडतो.

हे प्रशस्तिपत्र किती खरे असते, ते आम्हाला एकदा शिक्षकांच्या खोलीत कळले. मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. एका माणसाला घोळका मारतो आहे, तो हात जोडतो आहे, आणि आजूबाजूचे लोक मोबाइल उंच धरून चित्रण करत आहेत. चहाचे कप हातात घेऊन आम्ही तो पाहिला. शेवटपर्यंत पाहिला. मग कोणीतरी विचारले, 'अपना है क्या?' हा प्रश्न आमच्या ओठांवरही होता, फक्त दुसऱ्याने आधी विचारला. माणूस आपल्यातला नाही असे कळल्यावर खोलीतला ताण उतरला. चहा संपला, व्हिडिओ पुढे सरकला.

'अपना है क्या?' या तीन शब्दांनी आम्हाला रोमच्या पायऱ्यांवर नेऊन बसवले. ज्या समाजाच्या लोकांनी असे व्हिडिओ जीव मुठीत धरून पाहिले आहेत, मारल्या जाणाऱ्याच्या जागी आपला भाऊ दिसून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. मजलूम असणे ही कोणाची कायमची जागा नसते. आज आखाड्यात उभा असलेला उद्या पायऱ्यांवर बसू शकतो, आणि तिथे बसला की त्याचाही अलिपियस होऊ शकतो. आपले दुःख खरे आहे. म्हणून आपले पाहणे निर्दोष ठरत नाही.

मग करायचे काय? 'स्पार्टाकस'मध्ये याचे एक उत्तर आहे. पकडलेल्या गुलामांना सांगितले जाते, की स्पार्टाकस कोण ते दाखवा आणि जीव वाचवा. तो उठू लागताच एकामागून एक सारे उठतात आणि तो आपणच असल्याचे सांगतात. हा प्रसंग इतिहासातला नाही. स्पार्टाकसचा मृतदेह कधी सापडलाच नाही. पण तो लिहिणाऱ्यांच्या आयुष्यातला आहे. मूळ कादंबरीचे लेखक हॉवर्ड फास्ट आणि पटकथाकार डाल्टन ट्रम्बो या दोघांनीही अमेरिकेत सरकारी चौकशीला सहकार्य नाकारले आणि तुरुंगवास भोगला. त्या प्रसंगातले गुलाम नाव सांगत नाहीत, बसूनही राहत नाहीत. इ.स.पू. ७१ मध्ये बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार क्रूस उभे राहिले. उठण्याची ती किंमत होती.

पण ते गुलाम आखाड्याच्या आतले होते. पायऱ्यांवरून कोणी उतरले का? थिओडोरेट या पाचव्या शतकातील ख्रिस्ती इतिहासकाराने एकाचे नाव नोंदवले आहे. टेलिमॅकस नावाचा एक फकीरवृत्तीचा संन्यासी पूर्वेकडून रोमला आला. खेळ सुरू असताना तो आखाड्यात उतरला आणि लढणाऱ्यांना थांबवू लागला. प्रेक्षक एवढे संतापले की त्यांनीच त्याला दगडांनी ठेचून मारले. ही गोष्ट बादशहा होनोरियसच्या कानी गेली आणि त्याने त्या लढती बंद केल्या. आम्ही पाहिलेल्या एकाही चित्रपटात हा माणूस भेटला नाही. त्याच्याकडे तलवार नव्हती, सूड नव्हता. मरणाऱ्यांपैकी कोणी त्याचा 'अपना'ही नव्हता.

'तमाशा' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याचे मूळ अरबीत आहे. तिथे त्याचा अर्थ सोबत चालणे असा होता. सोबत चालणारा माणूस वाटेत कुठे बसला आणि नुसता पाहू लागला, कोण जाणे.

नव्या वर्षात तो मुलगा नववीत गेला आहे. आम्ही त्याला बोलावून सांगणार आहोत, की बेटा, एक जण उतरला होता. लोकांनी त्याला मारले, पण खेळ थांबला. तो हुशार आहे. तो पुढचा प्रश्न विचारील, 'सर, आप उतरते?' तेव्हा घंटा वाजली तरी आम्ही निघून जाणार नाही. त्या दिवशीच्या चहाची आणि व्हिडिओची गोष्ट त्याला सांगू.