सापाचं नाव कोण सांगतं?

आमच्या टेक्सासमधल्या रेप्टाइल एक्स्पोत मिल्कस्नेकची पिल्लं प्लॅस्टिकच्या डब्यांतून विकायला असतात. झाकणावर चिठ्ठी: 'सिनालोअन', 'नेल्सन्स', 'प्यूब्लन'. प्यूब्लन निदान चटकन ओळखू येतो, त्याचे लाल, काळे, पांढरे पट्टे जवळजवळ सारख्या रुंदीचे. पण बाकी दोघांच्या चिठ्ठ्या काढल्या तर इतकी वर्षं साप पाळूनही मी अडते. सिनालोअनला लाल पट्टे 10 ते 16, नेल्सन्सला 13 ते 18. मग 15 पट्ट्यांचा साप कोणाचा? त्यात संकर. मिल्कस्नेक, किंगस्नेक, कॉर्नस्नेक यांची बंदिवासात जोडी जमते आणि होणारी पिल्लं पुढे प्रजननही करू शकतात. संकरित पिल्लाची जोडी दोन-तीन पिढ्या सिनालोअनशीच लावत गेलं, की डोळ्यांना नुसता सिनालोअन दिसतो.

म्हणजे न्यायदर्शनातल्या ज्ञानाच्या साधनांपैकी प्रत्यक्ष थांबलं, अनुमानही फार पुढे जात नाही. उरतो शब्द. न्यायसूत्रांत आप्ताचं, म्हणजे भरवशाच्या माणसाचं, सांगणं हे स्वतंत्र प्रमाण मानलंय. झाकणावरची चिठ्ठी हे तसलं सांगणं आहे.

बाबा पुण्याहून फोनवर म्हणाले, "अगं, तिथे जाऊन सापांची जातकुळी तपासतेस?" ते बाबासाहेब आंबेडकरांचं जातिनिर्मूलनावरचं 1936चं न झालेलं भाषण पुन्हा पुन्हा वाचत आलेले; शुद्ध रक्ताच्या कल्पनेचा त्यात घेतलेला समाचार मीही त्यांच्याकडूनच शिकले. त्यांचा प्रश्न मी झटकला नाही. संकरित साप तसूभरही कमी नाही, तोही तितक्याच देखणेपणाने कात टाकतो. पण चिठ्ठी खोटी असेल, तर तिच्यावर विसंबून पुढचा माणूस जोडी लावतो आणि ते खोटं पिल्लांबरोबर घरोघरी जातं. माझं भांडण त्या खोट्याशी आहे, रक्ताशी नाही. शिवाय वात्स्यायनाने न्यायसूत्रांच्या भाष्यात स्पष्ट केलंय की आप्ताचं लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू. बोलणाऱ्याचं कूळ तिथे कोणी विचारत नाही. बाबांना हे पटलं की नाही, माहीत नाही. निदान ते गप्प राहिले नाहीत, वाद घालत राहिले.

शास्त्रज्ञांनी दिलेली नावंही हलतात. केनेथ विल्यम्स यांनी 1978 साली मिल्कस्नेकच्या उपप्रजातींची सविस्तर मांडणी केली. 2014 साली जनुकं तपासून त्या एका प्रजातीच्या सात झाल्या आणि वरचे तिन्ही साप एकाच प्रजातीत, पॉलिझोनात, गेले. छंदात जुनी नावं टिकली, आणि टिकावीत असं मला वाटतं. 'सिनालोअन' म्हटलं की याचे पूर्वज मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याकडचे, एवढा इतिहास त्यात येतो. तो पिल्लाच्या अंगावर कुठेच लिहिलेला नसतो.

म्हणून विक्रेत्याला मी "शुद्ध आहे ना?" असं विचारत नाही. आईबाप कुठून आणले, ते विचारते. मागे एकाने सांगितलं, "आई ओळखीच्या ब्रीडरकडची, सिनालोअन. बाप दुकानातून घेतलेला, त्याचं काही माहीत नाही." तेच पिल्लू मी घेतलं. घरी त्याच्या डब्यावर ही दोन्ही वाक्यं लिहिली आहेत.