साक्षीदाराचा मसुदा

'साक्षी' हा शब्द पाणिनीने 'साक्षात्'पासून सिद्ध केला आहे: ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो साक्षी. फारसीतून आलेल्या 'ग्वाही'चा मूळ अर्थही साक्षच. पण आजच्या मराठीत ग्वाही म्हणजे आश्वासन. पाहिलेले सांगण्यापासून हमी देण्यापर्यंतचा हा अर्थप्रवास केवळ कोशगत नाही. चौकशीपुढे उभे राहण्याची तयारी करणाऱ्या साक्षीदाराच्या मनातही तो घडत असतो.

खासगी शाळेतील शिक्षकावर गैरवर्तनाचा आरोप आला, तर १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार तिघांची समिती चौकशी करते: एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक आरोपित कर्मचाऱ्याने सुचविलेला आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या सूचीतील. येथे पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू नसतात. संशयातीत सिद्धतेचीही अपेक्षा नसते, संभाव्यतेचे पारडे झुकले की पुरते. साहजिकच साक्षीदाराच्या एकेका शब्दावर कोणाची तरी उपजीविका तोललेली असते.

काही वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातील एका शाळेत शिकविणारा माझा जुना विद्यार्थी आपले निवेदन घेऊन आला. "सर, भाषा तेवढी पाहून द्या," म्हणाला. सहकाऱ्यावर उत्तरपत्रिकांतील गुण बदलल्याचा आरोप होता. त्याने लिहिले होते: 'गठ्ठा सुटलेला दिसला. सरांच्या हातात लाल पेन होते. मला पाहून ते थांबले असे वाटले.' मी सवयीने लेखणी उचलली आणि तिन्हींचे एक वाक्य केले: 'उत्तरपत्रिकांतील गुण बदलत असताना मी त्यांना पाहिले.' वाक्य बांधीव झाले. त्याला ते आवडलेही. मग कागद बाजूला ठेवून घडले ते सांग, असे मी म्हटले, तेव्हा त्याने माझेच वाक्य म्हणून दाखविले.

'मला दिसले' यात वस्तू समोर येते. 'मी पाहिले' यात पाहणारा कर्ता होतो. 'वाटले' मध्ये तो आपल्या अनुमानाची कबुली देतो. मराठी व्याकरणाने जपलेल्या या पायऱ्या मी शैलीच्या नावाखाली पुसल्या होत्या. गुण बदलताना त्याने पाहिलेच नव्हते.

याच धुळ्यात १९२६ साली इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले व पुढील वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या १८९८मधील पहिल्या खंडातच त्यांनी बखरींपेक्षा समकालीन पत्रांना अधिक प्रामाण्य दिले. बखरकार लबाडच असतो असे नव्हे. पण शेवट ठाऊक असल्याने तो प्रत्येक प्रसंग त्या शेवटाकडे वळवून लिहितो. १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम १५९ याच जाणिवेवर उभे होते: घटनेच्या वेळी, वा ती स्मरणात ताजी असताना केलेले टिपण पाहून साक्षीदाराला स्मृती उजळता येते. १ जुलै २०२४पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. टिपण स्मृतीला आधार देते. मसुदा तिची जागा घेऊ शकतो.

यावर आक्षेप संभवतो. हेडन व्हाइटच्या 'मेटाहिस्टरी'नंतर (१९७३) प्रत्येक कथनात रचना असतेच, हे आपण मान्य केले आहे. मग निर्मळ साक्ष कोठून आणावी? शिवाय अजिबात तयारी नसलेला भिडस्त साक्षीदार उलटतपासणीत कोलमडतो, आणि त्यातून विद्यार्थ्यांवर अन्याय होतो तो वेगळाच. हे दोन्ही खरे आहे. परंतु सर्वच कथन रचित असते, यावरून सर्व रचना सारख्याच ठरतात असे निष्पन्न होत नाही. वार कोणता, आपण कोठे उभे होतो, उजेड किती होता, हे आठवून ठेवणारी तयारी स्मृतीला पडताळणीसाठी खुली करते. वाक्य पाठ करविणारी तयारी तिला बंद करते. पहिल्या प्रकारे तयार झालेला साक्षीदार 'हे मला ठाऊक नाही' असे अधिक निर्भयपणे म्हणू शकतो; दुसऱ्याला ते म्हणता येत नाही, कारण त्याच्या मसुद्यात अज्ञानाला जागाच उरलेली नसते.

मी माझे वाक्य खोडले. त्याची तीन वाक्ये, त्यातील 'दिसला' आणि 'वाटले' यांसह, पुन्हा लिहून काढायला त्याला सांगितले. ती वाचताना तो कचरला. ती दुबळी वाटतात, म्हणाला. दुबळी होतीच. त्याला जेवढे ठाऊक होते, तेवढेच बळ त्यांच्यात होते. समितीने त्यांचे वजन करावयाचे होते. ते आधीच वाढवून देण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि मला तर नव्हताच.